शरीर सांगेल तेव्हा

“आजोबा, सौनात किती वेळ बसलं की माणूस मरतो?”

लुमीने विचारलं आणि तिच्या मागे तिच्या मैत्रिणी ब्रिटा आणि हॅटी एकमेकींना चिमटे काढत खिदळल्या. रेनो आजोबांना हे विचारायची तुझ्यात हिंमत नाही, अशी पैज सकाळीच लागली होती. पण सोळा पूर्ण झाल्यापासून लुमीला हिंमत कमी पडत नव्हती. ती वर्गात हात वर करायची, शाळेच्या स्की संघात शिरली होती, बाबांचा ट्रक चालवायची.

रेनो आजोबा ब्रिटाचे. ते सौनाच्या भट्टीत बर्चची लाकडं सारत होते. वळून न बघताच म्हणाले, “तुझ्यासारख्या बडबड्या पोरी लवकर मरत नाहीत. आधी वाफच कंटाळते.” मग जरा थांबून म्हणाले, “मोजायचं नसतं, पोरी. शरीर सांगतं, आता पुरे. मग उठायचं.”

त्यांच्या सौनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, म्हणूनच ना घड्याळ होतं, ना तापमापक. सरोवराकाठच्या त्या गावात मिनिटं मोजत बसणारा तो परका, आणि ‘आता बाहेर ये’ असं दुसऱ्याला सांगणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं.

लुमीचं शरीर काही सांगत नसे. हे त्या तिघांनाही ठाऊक नव्हतं.

ती अकरा वर्षांची असताना तिच्या मेंदूतून एक गाठ काढली होती. गाठ निघाली, पण तिच्यासोबत मेंदूच्या तळाशी असलेल्या बदामाएवढ्या भागाचाही बराच तुकडा गेला. हायपोथॅलॅमस. तहान, भूक, घाम, झोप, अंगातली ऊब, एवढंच काय, घाबरल्यावर पळ काढणंसुद्धा, सगळा कारभार तिथून चालतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तेव्हापासून लुमीला एकदाही तहान लागली नव्हती. मनगटावरचं घड्याळ दर दोन तासांनी थरथरलं की ती ठरलेलं पाणी प्यायची. रोज सकाळी वजन, वेळेवर गोळ्या. आणि सौना बंद. दर शनिवारी आईबाबा आत बसायचे आणि ती बाहेरच्या खोलीत त्यांचे टॉवेल घेऊन.

दोन वर्षांपूर्वी बाबांना रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर नोकरी लागली आणि ते या गावात आले. तेव्हा तिने दोघांकडून वचन घेतलं होतं, की शाळेतल्या नर्सशिवाय इथे कुणाला सांगायचं नाही. जुन्या गावात ती ‘ती बिचारी’ होती. इथे ती सतत बाटली घेऊन फिरणारी लुमी होती, जिला ब्रिटा उंट म्हणायची. उंट तिला फार आवडायचं.

त्या दिवशी घरी तिने ब्रिटाकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगितलं होतं. हिशोब पक्का होता. मनातल्या मनात सहाशेपर्यंत मोजायचं, म्हणजे दहा मिनिटं, की उठायचं. घड्याळ बाहेर खुंटीला ठेवावं लागलं. आत धातू चटका देतो.

वरच्या फळीवर तिघी बसल्या. ब्रिटाने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेचा लोट अंगावर आला. पाच वर्षांनी. लुमीला हसू आवरेना. शंभरपर्यंत पोचेतो दोघींच्या नाकांवरून थेंब गळू लागले.

“ही बघ, कोरडी ठणठणीत,” हॅटी म्हणाली. “मेकअप करून आलीयस की काय गं?”

लुमीने तिला कोपर मारलं. त्या बोलण्यात आकडा निसटला. दोनशे दहा असावा. थोड्या वेळाने दोघी किंचाळत बाहेर बर्फात लोळायला पळाल्या. आलेच मागून, असं लुमी म्हणाली, कारण लगेच उठणं तिला हरल्यासारखं वाटलं.

तीनशे चाळीस. तीनशे एक्केचाळीस. मग दोनशे ऐंशी. तिला कळलं की हे चुकलंय, पण चारशेच्या आधी काय येतं ते आठवेना. हात गालाला लावला तर गाल तव्यासारखा. घामाचा थेंब नाही. तहान नाही. थकवासुद्धा नाही. आतून कुणीच काही सांगत नव्हतं. रिकाम्या घरात हाक मारावी तसं झालं, आणि त्या घरात ती एकटीच होती.

मग भीती आली. विचार करून आलेली नव्हती ती; त्या बदामाचा जो तुकडा उरला होता, त्यानेच पाठवली असावी. लुमी फळीवरून घसरली, गुडघे आपटले, भट्टी कुठल्या बाजूला ते समजेना. उजेडाची एक फट दिसली, तिकडे ती रांगत गेली आणि डोक्यानेच दार ढकललं.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मानेखाली बर्फ. ब्रिटाचं रडणं. आजोबा पुन्हा पुन्हा विचारत होते, तुला काही दुखणं आहे का पोरी, काय करू सांग. आणि ती, जीभ जड झालेली असतानाही, खोटं बोलली: जेवले नव्हते. आईला फोन करा.

दवाखान्यात हाताला सलाईन लागलं. अंगातलं पाणी आटल्याने रक्तातलं मीठ किती चढलंय त्याचा आकडा यायचा होता. बाबा नारिंगी जॅकेटातच आले होते; बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर ओघळत होता. आई रागावली नाही. ती नुसती ओल्या फडक्याने लुमीच्या कानामागे पुसत राहिली, तिथेच, जिथे गाठ काढली तेव्हा टाके पडले होते.

बाहेर कुणी आहे का, असं लुमीने विचारलं.

“तुझ्या दोघी मैत्रिणी आहेत आणि रेनो,” बाबा म्हणाले. “ते टोपी हातात धरून बसलेत. ‘मीच तिला सांगितलं शरीर सांगेल म्हणून, आणि लाकडं फोडायला गेलो,’ एवढंच बोलतायत. यापुढे पोरींसाठी भट्टी पेटवणार नाही म्हणाले.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

बाबांनी आईकडे पाहिलं.

“ताप होता म्हटलं,” आई हळूच म्हणाली. “तुला वचन दिलंय ना आम्ही.”

खरं सांगितलं तर सोमवारपासून मधल्या सुट्टीत लुमीला कुणी उंट म्हणणार नव्हतं. हॅटी तिची बॅग उचलायला धावेल, ब्रिटा हळू आवाजात बोलेल. आकडा अजून आला नव्हता. तिला अजून भीती वाटत होती, त्या आकड्याचीही आणि सोमवारचीही.

“त्यांना आत बोलवा,” ती म्हणाली. “ब्रिटाला आणि हॅटीलाही. मी सगळं सांगणार आहे. आणि मी सांगत असताना तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही.”