माद्रिदहून आलेलं पत्र

श्रीमंत हा सोलापूरचा तरुण शिष्यवृत्तीवर सहा महिने माद्रिदच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकून आला आणि महिन्याभरात, छत्तीसच्या जुलैत, तिकडे यादवी पेटली. दिवाळीनंतर सोलापूरच्या पत्त्यावर कार्मेनबाईंचं पत्र आलं. तो तिथं त्यांच्याच घरी राहिला होता. त्यांचा मुलगा पाब्लो लढाईत मारला गेला होता.

"काय लिवलंय?" त्याच्या आईनं, तानाबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. मग ती म्हणाली, "त्या माउलीनं तुला पोटच्या लेकावानी जेवू घातलं. चार शब्द लिव की."

श्रीमंत लिहायला बसला. बाजारातलं, स्टेशनावरचं बोलणं त्याला येत होतं. सांत्वनाचं कुणी शिकवलं नव्हतं. तिकडे असताना शब्द अडला की तो पाब्लोलाच विचारायचा. शेवटी 'मी आणि माझी आई रडतो आहोत' एवढंच त्यानं लिहिलं. उत्तर कधी आलं नाही.