उलटा फटकारा

"मास्तर, डावी बाजू जरा खाली वाटत नाही?" शिडीवरून दयानंदने विचारलं.

"असू दे की. बरोबर हाय ते," खालून हुद्दार मास्तर म्हणाले.

दयानंदने वळून खाली पाहिलं. एकोणीस वर्षं तो बंगळूरच्या गॅलऱ्यांमधून चित्रं टांगत होता. त्यांत मास्तरांची चार प्रदर्शनं. पहिल्या फटक्यात 'बरोबर हाय' असं त्या माणसाच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. मागच्या खेपेला एका चित्रापायी मास्तरांनी त्याला सहा वेळा शिडीवर चढवलं होतं आणि शेवटी स्वतःच स्टुलावर उभं राहून, दोन्ही हातांनी ते सरळ केलं होतं. आज ते खुर्चीतून उठायला तयार नव्हते. अंगभर करडी शाल, आणि शेजारी त्यांची लेक सौम्या. मास्तरांना काही विचारलं की आधी तीच बोलत होती.

दयानंदच्या मनात पाल चुकचुकली.

चित्रं नऊ होती, सात-सात फूट उंच. त्यांत माणूस नाही, झाड नाही. रंगाचे रुंद पट्टे, एकावर एक, पावसात धुतलेल्या भिंतीसारखे. त्यांचा अर्थ दयानंदने कधी विचारला नाही. पण टांगण्याआधी मास्तर प्रत्येक चित्र उलटं करायला लावत आणि पाठीमागे त्याच्यादेखत पेन्सिलीने सही करत. "दयाप्पा, तू साक्षीदार," असं दरवेळी म्हणत. आज त्याने खिशातली पेन्सिल पुढे केली, तर सौम्याच म्हणाली, "सह्या घरीच झाल्यात, अण्णा. देवनहळ्ळीहून निघायच्या आधी."

त्याने भिंतीला टेकवलेलं एक चित्र वळवून पाहिलं. 'जयतीर्थ हुद्दार' ही अक्षरं पहिलीतल्या मुलाने गिरवल्यासारखी वाकडी होती.

दयानंद मूळचा निपाणीचा. विशीत इकडे आला, होसकोट्याला लाकडी खोकी ठोकायच्या कारखान्यात लागला, आणि चित्रांची खोकी ठोकता ठोकता चित्रं टांगू लागला. स्वभावाने तो कधी काळी भोळा होता. पण आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅलरीत त्याने टांगलेलं एक चित्र बनावट निघालं. खोकं उघडणारा म्हणून त्याला दोन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. त्याचा काही दोष नाही हे नंतर कळलं, तरी ते सांगायला कुणी घरी आलं नाही. तेव्हापासून तो दुधाची पिशवीसुद्धा दोनदा हलवून बघायचा. त्याची बायको अंबूबाई म्हणायची, "उद्या देवाचा प्रसादबी हुंगून खाशीला तुम्ही."

दुपारी मास्तर आणि सौम्या वरच्या ऑफिसात जेवायला गेले. दयानंद खाली एकटाच राहिला आणि नऊंतल्या एका काळ्या पट्ट्यांच्या चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. मास्तरांचा फटकारा त्याला तोंडपाठ होता. डावीकडून खालून सुरू होऊन वर उजवीकडे जायचा, आणि शेवटी रंग सरला की तिथे ब्रशचे केस उमटायचे. इथे केस वरच्या डाव्या टोकाला उमटले होते. त्याने दुसरं चित्र पाहिलं, तिसरं पाहिलं. नऊच्या नऊ उलटे.

सकाळी गाडीतून चित्रं उतरवून घेताना पावतीवर सौम्याने सही केली होती. डाव्या हाताने. ते त्याला आठवलं आणि त्याचे कान तापले. ती हेब्बाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते हेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे बाप म्हातारा झाला, लेक रंगवते, आणि नाव बापाचं. उद्या भानगड झाली की बाकावर पुन्हा कोण बसणार?

त्याने तडक गॅलरीच्या मालकीणबाईंना गाठलं. सुखदा मॅडम पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि रमल्या.

"मॅडम, हा ब्रश मास्तरांचा नाही."

सुखदाचा चेहरा उतरला. "दयानंद, प्लीज. उद्या संध्याकाळी ओपनिंग आहे. तीन चित्रं ऑलरेडी गेलीत. तुम्हाला खात्री आहे?"

"माझ्या पोराची शपथ घेतो. हात वेगळा हाय."

सुखदा त्याला घेऊनच वर गेली. मास्तरांचं जेवण झालं होतं. तिने हसत हसतच एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, एक फॉर्मॅलिटी आहे. इथे सही हवी होती. आत्ता, आमच्यासमोर."

सौम्या उठलीच. "मी करते ना—"

"तू बस," मास्तर म्हणाले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग दारात उभ्या दयानंदकडे. "कुणाच्या ध्यानात आलं? तुझ्या?"

"होय, मास्तर." दयानंदने नजर खाली केली नाही. चोर पकडल्याचा ताठा त्याच्या मानेत होता.

मास्तरांनी डाव्या हाताने शाल बाजूला सारली. उजवा हात मांडीवर पडून होता. बोटं आत वळलेली, मनगट काडीसारखं झालेलं. डाव्या हाताने त्यांनी पेन उचललं आणि एकेक अक्षर ओढत सही केली. 'हुद्दार'मधला शेवटचा र कागदाच्या बाहेर गेला.

"लकवा मारला. पावणेदोन वर्षं झाली," ते म्हणाले.

"आठ महिने नुसत्या रेघा ओढल्या बाबांनी," सौम्याचा आवाज फाटला होता. "मग ब्रश काठीला बांधून, कॅनव्हास जमिनीवर टाकून... मी फक्त रंग कालवून द्यायचे. दुसरं काही नाही केलं मी. तुम्हाला काय वाटलं, अण्णा?"

फटकारा दुसऱ्या हाताचा होता, इतकंच त्याने बरोबर ओळखलं होतं.

सुखदाने मोठा श्वास सोडला, आणि दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे चमकले. "सर, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? केवढी मोठी स्टोरी आहे ही!"

"म्हणूनच न्हाई सांगितलं. मग लोक चित्र बघत न्हाईत. हात बघतात."

"पण सर, आज यांना दिसलं. उद्या आणखी कुणाला दिसेल, आणि बोट सौम्याकडेच जाईल."

मास्तर लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरी, ठीक हाय. सांग काय सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी दारातच मोठा फलक लागला. त्यावर मास्तरांच्या उजव्या हाताचा फोटो होता. पाच वाजल्यापासून गर्दी उसळली. मास्तरांना मधोमध खुर्चीत बसवलं होतं आणि सुखदाच्या सांगण्यावरून शाल काढून ठेवली होती. लोक वाकून त्यांच्या हाताकडे बघत, हळहळत, डाव्या हातात ब्रश धरायला लावून फोटो काढत. सहापर्यंत सगळी चित्रं विकली गेली. सुखदा दयानंदजवळ येऊन कुजबुजली, "तुमच्यामुळे झालं हं हे."

दयानंद खांबाच्या आड गेला. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर वाटलं होतं त्याहून त्याला आज वाईट वाटत होतं. शेवटी न राहवून तो गर्दीतून वाट काढत खुर्चीपाशी गेला.

"मास्तर, चुकलं माझं."

"काय चुकलं रे? ह्या एवढ्या लोकांत चित्र बघितलं कुणी? तू बघितलंस," मास्तर म्हणाले. मग जरा पुढे वाकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काळं कसं झालंय? खरं सांग."

दयानंदला गोड काहीतरी बोलून सुटता आलं असतं.

"खालचं अंग झकास हाय, मास्तर. पण वर, उजव्या कोपऱ्यात, हात थकल्यासारखा वाटतोय."

मास्तर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "थकलाच होता. ते मार्चचं. दाखव बघू कुठं ते."

त्यांनी उठायचं म्हटलं तसा दयानंद उजव्या बाजूला गेला. मास्तर सावकाश उभे राहिले. फोटो काढणारे बाजूला झाले, एकाने हाक मारली, पण दोघांनी लक्ष दिलं नाही. काळ्या चित्रासमोर कुणीच नव्हतं. तिथे जाऊन ते दोघे मान वर करून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मास्तरांचा उजवा हात लोंबकळून दयानंदच्या हाताला लागला. गार होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. दयानंदने तो दाबला नाही, धरलाही नाही. नुसता आपला तळवा त्याच्याखाली ठेवला आणि मास्तरांचं बघून होईपर्यंत तसाच उभा राहिला.