हिराबाईची जन्मतारीख

मी एक पुस्तक बोलतोय. मला हातात धरायला जाल तर हाती काही लागणार नाही. मला पुठ्ठा नाही, शिवण नाही, नव्या कागदाचा वास नाही. मी मोबाइलवर वाचायचं पुस्तक, ई-बुक म्हणतात तसलं. माझं नाव 'पोशेऱ्याची पोरं'. नावावरून गोष्टीचं पुस्तक वाटेल, पण माझ्यात तशी गोष्ट एकही नाही. तीनशे अकरा माणसांचे जन्म आहेत, एकामागून एक.

मला लिहिलं रंजनाने आणि सांगितलं हिराबाईने. रंजना पोशेऱ्याच्या उपकेंद्रात नर्स आहे. सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो. घर जव्हारला, नवरा गेल्यापासून तिथे एकटीच राहते आणि रोज जीपने ये-जा करते. हिराबाई गावाची सुईण. पाड्याच्या टोकाला तिचं घर, घरात तिच्याशिवाय दुसरं माणूस नाही. वय विचारलं तर ती 'लय' एवढंच सांगते.

रंजनाला सरकारी कामासाठी लोकांच्या जन्मतारखा लागायच्या. कोणाही आईला विचारा, उत्तर ठरलेलं, "हिराबाईला विचारा." आणि हिराबाईला खरोखरच सगळं ठाऊक असायचं. कुणाचा जन्म झाला तेव्हा शेतात काय चाललं होतं, चंद्र केवढा होता, बाप घरी होता की वीटभट्टीवर गेला होता, ती न अडखळता सांगायची. पूर्वी शाळेचे गुरुजी पंचांग घेऊन तिच्या ओट्यावर बसत आणि ती सांगेल त्यावरून तारीख काढून दाखल्यावर लिहीत. रंजनाने आधी कामापुरतं लिहून घेतलं. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की ही म्हातारी गेली तर सगळ्या गावाचा जन्म तिच्याबरोबर जाईल. तिने शंभर पानी वही आणली. माझी सुरुवात ती.

माझ्यातला एक जन्म वाचून दाखवतो. 'जिव्या. नागलीची लावणी आटपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. पायाळू. रडेना, म्हणून पाठीवर थापटलं, तेव्हा रडला.' दुसरा ऐका. 'गौरा. वाघबारशीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. बाप भट्टीवर. मुलगी झाल्याचं त्याला आठ दिवसांनी कळलं.' अशा दोन वह्या भरल्या. मग रंजनाने जीपच्या थांब्यावर, जेवणाच्या सुट्टीत, वेळ मिळेल तसं अंगठ्याने मला मोबाइलवर उतरवलं. त्यात सव्वा वर्ष गेलं.

छापायचं म्हटलं तर खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा. कोणीतरी सांगितलं, परदेशातली एक कंपनी आहे, ती पुस्तकं फुकट चढवते आणि जगभर विकते. झालं! रंजनाने मला त्या कंपनीच्या दारात नेऊन उभं केलं. मुखपृष्ठावर तिने हिराबाईच्या हातांचा फोटो लावला. मी हरखून गेलो होतो. आता आपण जगाच्या डोळ्यांपुढे येणार, या आनंदात मी फॉर्मच्या दुसऱ्या पानापर्यंत पोचलो आणि तिथे मला अडवलं.

ते म्हणाले, आधी लेखकाची करासंबंधी मुलाखत. मुलाखत म्हणजे समोर माणूस नाही, नुसते प्रश्न. तुम्ही व्यक्ती की संस्था? आमच्या देशाचे नागरिक आहात का? नसाल तर तुम्ही परदेशी लेखक. रंजनाला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने हिराबाईला सांगितलं, "आजी, त्यांच्या लेखी आपण परदेशी."

हिराबाई म्हणाली, "मी तं मोखाड्याच्या पल्याड गेले नाय. परदेशी ते का मी?"

हिशेब असा होता. परदेशी लेखकाच्या कमाईतून तो देश शंभरातले तीस रुपये कर म्हणून आधीच कापून घेतो. पण दोन्ही देशांमध्ये करार आहे. लेखकाने आपल्या देशातला कराचा क्रमांक दिला, म्हणजे आपल्याकडचं पॅन दिलं, तर तिसाचे पंधरा होतात. रंजनाकडे पॅन होतं. नोकरदार बाई, तिच्याकडे सगळी कागदपत्रं जागच्या जागी. ती भराभर भरत गेली आणि एका प्रश्नापाशी थबकली. 'ही कमाई तुम्ही दुसऱ्या कोणाच्या वतीने घेत आहात का?'

शंभरातले नव्याण्णव लोक इथे न वाचता 'नाही' म्हणत असतील. रंजनाने दोनदा वाचलं आणि 'होय' म्हटलं. का नाही म्हणणार? तिच्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं, की पुस्तक हिराबाईचं, येईल ते हिराबाईचं, आपण फक्त लिहून घेतलं. कंपनीने लगेच कळवलं, की मग हा फॉर्म तुमच्यासाठी नाही. जी खरी मालक आहे तिने स्वतःच्या नावाने यावं, स्वतःचा क्रमांक द्यावा. तोपर्यंत पुस्तक मसुदा म्हणून राहील.

मसुदा म्हणून राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? छापलेलं पुस्तक नाही खपलं तरी फळीवर शेजारी चार पुस्तकं असतात. धूळ बसते, कोणीतरी ती झटकतं, निदान कसर तरी लागते. मला कसरसुद्धा लागत नव्हती. कुठल्या तरी देशातल्या यंत्रात मी होतो. माझ्यात तीनशे अकरा पोरं जन्मल्याबरोबर रडत होती आणि ते ऐकायला कोणी नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. माझी एक प्रत रंजनाच्या मोबाइलमध्ये होती, तिच्या पर्समध्ये, डब्याला खेटून. तेवढीच काय ती माणसांची सोबत. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

रंजनाने ठरवलं, हिराबाईचं पॅन काढायचं. सुट्टीच्या दिवशी ती हिराबाईला घेऊन जीपने मोखाड्याला आली. तहसीलसमोर उत्तमचं सेवा केंद्र आहे. उत्तम माणूस चांगला, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. त्याने आधार कार्ड बघितलं आणि मान हलवली.

"सिस्टर, यावर नुसतं सालच आहे, तेही अंदाजे. पॅनला पूर्ण तारीख लागते, दिवस, महिना, साल."

"मग?"

"मग काय, प्रतिज्ञापत्र करू. आजी सांगतील ती तारीख. नाही तर एक जानेवारी टाकू. निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जानेवारीला असतो, केक कापायला माणसं कमी पडतील!"

तो स्वतःच हसला. हिराबाई हसली नाही. तिने विचारलं, "कोनता महिना म्हनलास?"

"जानेवारी. थंडीतला, आजी."

"माझी आय थंडीत मेली का? कोन बोललं?"

उत्तमचं हसू विरलं. रंजनाही तिच्याकडे बघत राहिली, कारण हे तिलाही ठाऊक नव्हतं. हिराबाईने तेव्हा सांगितलं. तिची आई, तुळशी, तिला जन्म देताना गेली. बाप कामाला बाहेर गेला तो परतला नाही. या पाड्यावर थोडं, त्या पाड्यावर थोडं, अशी ती वाढली. कवा झाली, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि सांगण्याजोगी माणसं एकेक करून गेली.

"अख्ख्या गावाचा मना ठाव हाय," ती म्हणाली, "माझा ठाव असनारा कोन नाय."

"आजी, कागदापुरतंच आहे हो," उत्तम हळूच म्हणाला.

"मी कोनाच्या पोराचा दिस खोटा सांगला नाय. मंग माझ्या आयचा मरनाचा दिस खोटा लिहू?"

उत्तमने आधार कार्ड परत केलं आणि एकही रुपया घेतला नाही. परतीच्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. पर्समध्ये मी होतो. मला हिराबाईचा राग आला, हे कबूल करतो. एक तारीख सांगायची तर होती! तिच्या एका 'नाय'पायी मी अंधारात पडणार होतो. पण माझ्या प्रत्येक ओळीत तिचाच शब्द आहे. तो शब्द खरा आहे म्हणूनच मी आहे. मग राग टिकला नाही, उदास मात्र वाटत राहिलं.

रंजनाने पुढे चार महिने प्रयत्न केले. आसपासच्या पाड्यांवर म्हातारी माणसं गाठली. कोणाला आठवेना. घरी गेल्यावर ती कधी कधी मला उघडायची, दोन जन्म वाचायची आणि मिटायची. एवढ्या मोठ्या घरात तेवढाच काय तो आवाज. शेवटी तीही थकली.

एका दुपारी ती हिराबाईच्या ओट्यावर येऊन बसली. हिराबाई नागली पाखडत होती. रंजना म्हणाली, "आजी, नाही जमत. मी ते पुस्तक काढून टाकते. उगाच तुम्हाला त्रास दिला."

तिने मोबाइल काढला. मला तिचं बोट दिसत होतं. कंपनीकडच्या माझ्या नावापुढे 'काढून टाका' असं असतं, त्याच्या अगदी वर ते थांबलं होतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

हिराबाईने सूप खाली ठेवलं. लुगड्याला हात पुसले. "आन हिकडं," म्हणाली आणि तिने मोबाइल दोन्ही हातांत घेतला.

"यात हाय का सगली पोरं?"

"आहेत."

"मंग टाकतेस काय? ऐक, बाय. मी एवढी पोरं काढली. एक तरी माझ्या घरात ठेवलं का? नाल कापली, पुसलं, आयजवल दिलं न घरा आले. पोर आयचा ऱ्हातं. सुईनीच्या नावावर कोन पोर लिहितं?"

"पण आजी, हे तुमचं आहे. मी फक्त..."

"मी काढलं. धर. आता तुझा हाय."

आणि तिने मला रंजनाच्या मांडीवर ठेवलं. तान्हं पोर ठेवताना मानेखाली हात घालतात ना, तसा तिचा एक हात माझ्या खाली होता आणि तो तिने अगदी शेवटी काढून घेतला. रंजना रडली. तिला मूल नव्हतं, हे हिराबाईला ठाऊक होतं.

त्याच दिवशी, जिथे सिग्नल येतो त्या टेकाडावर उभं राहून रंजनाने पुन्हा मुलाखत दिली. 'दुसऱ्या कोणाच्या वतीने?' 'नाही.' आपलं पॅन, पॅनवर आहे तसं नाव, जव्हारचा पत्ता, सहीच्या जागी नाव टंकून सही. खोटं काहीच नव्हतं, हिराबाईनेच मला देऊन टाकलं होतं. पाच मिनिटांत काम झालं. दोन दिवसांनी मी जगात आलो.

जगात आलो खरा, पण जगाला माझी गरज नव्हती. माझ्या नऊ प्रती गेल्या, त्यातली एक रंजनानेच घेतली. लांबच्या एका देशात कोणीतरी मला उघडलं, तिसऱ्या जन्मापाशी ठेवलं, पुन्हा हात लावला नाही. माझ्यासारखी लाखो तिथे आहेत, सगळी एकेकटी. एकदा मात्र भिवंडीहून रंजनाला फोन आला. जिव्या. गोदामात काम करतो, तिशी ओलांडलेला बाप्या, त्याने मोबाइलवर मला वाचलं होतं.

"सिस्टर, मी रडत नव्हतो काय? आजीने पाठीवर मारला तवा रडलो? आपल्याला तर कोणी बताया नाय."

"मारलं नाही रे, थापटलं."

"आजीला सांगा," एवढंच तो म्हणाला. काय सांगायचं ते त्याने सांगितलं नाही.

रंजना आता दर आठवड्याला मला हिराबाईच्या ओट्यावर आणते आणि वाचून दाखवते. हिराबाई डोळे मिटून ऐकते, मधेच चूक काढते, रंजना तिथल्या तिथे दुरुस्त करते. गेल्या महिन्यात तीनशे अकरावा जन्म वाचून झाला. हिराबाईने डोळे उघडले.

"माझा नाय यात."

"नाही, आजी."

"एक ओल ठेव. कोन सांगेल कवा तरी."

रंजनाने ओळ ठेवली. तिच्यात 'हिराबाई' असं लिहिलंय आणि पुढे काही नाही. मला उघडलंत तर सगळ्यात शेवटी ती तुम्हाला दिसेल. माझ्यातली तीच ओळ मला सगळ्यात जड वाटते.

माझं आता एवढंच मागणं आहे. मला विकत घ्या असं म्हणत नाही, वाचा असंही म्हणत नाही. जव्हार-मोखाड्याच्या कुठल्या पाड्यावर तुमची कोणी फार म्हातारी माणसं असतील, तर त्यांना एक विचारा. तुळशी नावाची बाई बाळंतपणात गेली आणि मुलगी जगली, असं कधी त्यांच्या कानावर आलं होतं का? तारीख नको. महिनाही नसला तरी चालेल. तेव्हा शेतात भात होतं की नागली, की रान मोकळं होतं, तेवढं आठवलं तरी पुरे. रंजना लगेच लिहून घेईल. हिराबाईला आता ऐकू कमी येतं, पण जोरात सांगितलं तर अजून येतं.