कंपासाच्या गळ्यात लिंबू-मिरची

मी एक जुना कंपास आहे, मित्रांनो. दप्तरातला नव्हे, विमानातला. यवतमाळला नवशिकी मुलं ज्या छोट्या विमानात शिकतात, त्याच्या काचेला वर मी लटकलेला असतो. माझ्या पोटात तेल, तेलात तरंगणारं लोहचुंबक आणि त्यासोबत फिरणारे दिशांचे आकडे. मला वीज लागत नाही, तरी मला कुणी विचारत नाही. खाली दिशा दाखवणारा मोठा रंगीत पडदा बसवलाय ना!

मला मर्यादा आहेत, मान्य. विमान वळू लागलं की मी गांगरतो, उत्तरेवरून वळताना तर मागेच राहतो. जवळ लोखंड आणलं की भरकटतो. पण हे सगळं वर्गात शिकवतात हो! सरळ उडा, मी स्थिर होईपर्यंत थांबा आणि मग मला विचारा, एवढंच माझं मागणं. ऐकतो कोण?

बाभुळगावची वैष्णवी पहिल्यांदाच एकटी नांदेडला जाऊन परत येणार होती. तिची आत्या तानाबाई लिंबू-मिरची घेऊन आली. विमानाचे मेकॅनिक जलालभाई आधी नको म्हणाले. पण म्हातारीचे डोळे भरलेले पाहून त्यांनीच ती माझ्या स्क्रूला बांधून दिली. बांधायला दुसरी जागाच नव्हती म्हणे!

"पोरीले कोणाची नजर नको लागो," तानाबाई म्हणाली.

मिरच्या ओवल्या होत्या लोखंडी तारेत. माझे आकडे तिथल्या तिथे सरकले. उडण्यापूर्वी माझा आकडा धावपट्टीच्या दिशेशी जुळवून बघायचा नियम आहे. वैष्णवीने पडदा पाहिला आणि निघाली. धन्य!

परतताना विमानातली वीज गेली. पडदा काळा, रेडिओ मुका. आता आली माझी आठवण! यवतमाळचा आकडा माझ्यावर धरून ती उडत राहिली आणि तारेपायी उजवीकडे सरकत झरी जामणीच्या जंगलावर पोचली. खाली उतरायला मोकळं शेत नाही, इंधन संपत आलेलं, ऊनही उतरलेलं.

"हा कंपास खोटं बोलून राह्यला," ती पुटपुटली.

मी खोटारडा! असा संताप आला म्हणून सांगू! तेवढ्यात तिने मान वळवून सूर्य पाहिला. ईशान्येला यवतमाळकडे जाताना तो डाव्या खांद्यामागे हवा होता, होता थेट शेपटीमागे. मग तिची नजर तारेवर गेली. तिने ती हिसडून काढली आणि पार मागे फेकली. मी गर्रकन फिरलो.

तिने डावीकडे वळण घेतलं. सवयीप्रमाणे मी मागे राहिलो. पण या वेळी तिने घाई केली नाही. पंख सरळ केले आणि हळूच म्हणाली, "बस निवांत. मी थांबतो तुह्यासाठी."

इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मी स्थिरावलो, खरी दिशा दाखवली आणि थोड्या वेळाने यवतमाळची धावपट्टी दिसली.

खाली तानाबाई वैष्णवीला कवटाळून रडली. शिवाय सगळ्यांना सांगत सुटली, लिंबानंच पोरीला वाचवलं! आता काय बोलावं?

मित्रांनो, तानाबाईने परवा नवं लिंबू आणलं. जलालभाईंनी ते सुती दोऱ्यात ओवून विमानाच्या दाराला बांधलं. वैष्णवी आत बसली आणि पडदा सुरू करायच्या आधी तिने माझा आकडा धावपट्टीशी जुळवून पाहिला. लिंबू खुशाल बांधा, बाबांनो, पण सुतात बांधा; आणि निघण्यापूर्वी एकदा माझ्याकडे बघत जा.