पापलेटांच्या पेटीतलं इंजेक्शन

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. चिंच लावून घासलं, लिंबू चोळलं, उन्हात उलटं घातलं, तरी तो जात नाही. माझा निळा रंग उडालाय, झाकणाची बिजागरी तुटलीय, म्हणून कमरेला नायलॉनची दोरी असते. तरीही पनवेलमधल्या एकाही नव्याकोऱ्या पेटीशी मी जागा बदलणार नाही. का, ते ऐका.

तळोज्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दुकानात मी फार दिवस राहिले नाही. पनवेलच्या मासळी बाजारात बसणाऱ्या सत्यवतीने माझ्यावर दोन थापा मारल्या, झाकण उघडून आत डोकं घातलं आणि "ही ठीक हाय, भिती जाड हायेत," म्हणून मला घरी आणलं. तेव्हापासून पहाटे मोरा बंदरावर जायचं, होड्यांतून उतरलेली पापलेटं पोटात घ्यायची आणि ऊन चढायच्या आत बाजार गाठायचा, हा माझा धंदा झाला.

बर्फ भरावा तर सत्यवतीनेच. खाली चुरा, मग मासळी, वर पुन्हा चुरा आणि त्यावर खडेमिठाची मूठ. मीठ पडलं की बर्फ असा काही गारठायचा, की माझ्या भिंतींना हुडहुडी भरायची. गिऱ्हाईक दुपारी आलं तरी पापलेट टणक! "सत्यवतीची मासळी डोळे मिटून घ्यावी," असं लोक म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. चालायचंच.

माझ्या झाकणावर बसून पाय हलवणारी एक पोर होती. सत्यवतीची लेक, संजना. रागावून कुणी धरायला गेलं तर हातात यायची नाही. "पोर हाय का बोंबील?" असं बाजारातल्या बायका म्हणायच्या. पुढे हीच पोर कबड्डीत इतरांना धरायला लागली. डाव्या कोपऱ्यात उभं राहून तिने समोरच्या चढाईवालीचा घोटा पकडला, की सुटायची सोय नाही. एका कंपनीने तिला खेळासाठी नोकरी दिली, व्यावसायिक संघात घेतलं. त्या दिवशी सत्यवतीने मासे विकले नाहीत, बाजारभर पेढे वाटले. मी फुगले. प्लास्टिक फुगत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

मग सत्यवतीने मोठी पेटी आणली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. ज्या पोटात पापलेटं नांदली, त्या पोटात कांदे आणि तुटक्या चपला! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? पण त्या अंधारातून मला घरातलं सगळं दिसायचं, ऐकू यायचं.

संजना सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. टाच टेकवत नव्हती. हाताचं एक बोट गाजराएवढं सुजलं होतं. कोपरांवर लाल चट्टे उठले होते आणि त्यांवरून पांढरी खपली गळायची. कुणी म्हणालं, खेळातला मार असेल. कुणी म्हणालं, मासे सोड. मच्छीवालीच्या घरात येऊन हा सल्ला! सत्यवतीने नजर काढली, खोबरेल चोळलं. शेवटी संजना संधिवाताच्या डॉक्टर अरुंधती यांच्याकडे गेली आणि दुखण्याचं नाव कळलं: सोरायटिक आर्थ्रायटिस. यात शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून आपल्या कातडीवर आणि सांध्यांवर चाल करते. हा आजार मुळापासून जात नाही, पण औषधाने ताब्यात राहू शकतो. आणि शिवल्याने तर मुळीच होत नाही.

हे संजनाला कळलं, पण तिने ते घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. लांब बाह्या घालून ती खेळायला लागली. मित्रांनो, कबड्डीत बचाव करणाऱ्या मुली हातात हात अडकवून साखळी करतात. संजनाच्या शेजारी उभी राहायची नवीन पनवेलची दिपा. एकदा बाही वर सरकली आणि दिपाला चट्टा दिसला.

"आई, दिपा माझा हात धरत नाही गं," एका सकाळी संजना म्हणाली. "बाहीला धरते."

"बाहीला धरून साखली कशी व्हयाची?"

"होतच नाही. काल तुटली आणि चढाईवाली मधून निघून गेली. पनवेलच्या सामन्यापर्यंत साखळी जमली नाही, तर कोच मला बाहेर बसवणार आहेत."

"मंग सांग ना तिला, लागत नाय म्हनून."

"नाही सांगणार! एकदा सांगितलं की लोक माझा खेळ बघणार नाहीत, चट्टे बघतील."

तिचं औषध म्हणजे एक इंजेक्शन होतं आणि ते घरच्या फ्रिजमध्ये असायचं. एका दुपारी लाइट गेली. संजना सरावाला गेली होती. फ्रिज गरम होईल या धास्तीने सत्यवतीने मला जिन्याखालून ओढून काढलं, खसाखसा धुतलं आणि म्हणाली, "माज्या पोरीचा औशध हाय. पापलेटापरीस जपायला पायजे."

तिने जपलं, अगदी जन्मभर जपत आली तसंच. खाली चुरा, मध्ये इंजेक्शन, वर चुरा आणि खडेमिठाच्या दोन मुठी. मीही जीव तोडून गारवा धरून ठेवला. संध्याकाळी संजनाने झाकण उघडलं, तर आतलं औषध गोठून गेलेलं. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"ते आता वापरू नका, वितळलं तरी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इंजेक्शन गार ठेवायचं, गोठवायचं नाही. मी दुसऱ्याची सोय करते."

सत्यवतीच्या डोळ्याला खळ नव्हता. दुसऱ्या दिवशी ती बाजारात बसूनही रडली. आता मासळी बाजारात एखादी बाई रडली, म्हणजे गावात दवंडीच पिटली म्हणायची. दुपारपर्यंत सगळ्यांना संजनाचा आजार कळला.

"आई, सगळ्या बाजाराला सांगितलंस?" संजना कडाडली. तेवढ्यात दारात भीमाबाई आली. ती सत्यवतीच्या शेजारी सुकट विकायला बसायची आणि तिचे हात कायम पदराखाली असायचे. तिने आज पदर बाजूला केला. बोटं सुजून वाकडी झाली होती, मनगटांवर तसलेच चट्टे होते.

"घरच्यांनी माजा ताट वेगला केलाय, बाय," ती म्हणाली. "मना वाटला, मी एकलीच हाय."

संजनाचा राग कुठल्या कुठे गेला. तिने भीमाबाईची बोटं आपल्या हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत. सकाळी ती स्वतः तिला डॉक्टर अरुंधतींकडे घेऊन गेली.

पनवेलच्या सामन्याला मी खेळाडूंच्या बाकाजवळ होते. सामना संपल्यावर संघ परगावी निघणार होता, म्हणून नवं इंजेक्शन माझ्या पोटात होतं. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं तसं: थंड पिशव्या कडेला, औषध मध्ये टॉवेलात. मिठाचा खडाही नाही! संजना मैदानात आली ती आखूड बाह्यांत. तिने माईक मागून घेतला.

"हे चट्टे बघून घ्या. हा सोरायसिस आहे. तो माझ्या सांध्यांतही आहे. मला धरल्याने तुम्हाला होणार नाही. मी उपचार घेते, म्हणून खेळते. कुणाचं बोट असं सुजत असेल, सकाळी सांधे धरत असतील, तर लपवू नका. डॉक्टरकडे जा."

मग कोपऱ्यातून एकच टाळी ऐकू आली, आणि ती भीमाबाईच्या वाकड्या बोटांची होती. तिच्यामागून सगळा मासळी बाजार कडकडला.

खेळ सुरू झाला. समोरची चढाईवाली आत शिरली. संजनाने दिपाकडे उघडा हात पुढे केला. दिपाने त्या हाताकडे पाहिलं, संजनाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या बोटांत आपली बोटं अडकवली.

"घट्ट धरू ना? दुखेल तुला."

"दुखलं तर सांगेन. सोडू नकोस."

दिपाने सोडलं नाही. साखळी अशी आवळली, की चढाईवालीला परतायची मधली रेषा शेवटपर्यंत दिसली नाही. तो सामना आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, हे सांगायला नकोच.

आता प्रत्येक दौऱ्यावर मी संघाबरोबर जाते. संजना गावोगावी सामन्याआधी बाह्या सरसावून बोलते आणि मी तिच्या पायाशी ऐटीत बसलेली असते. बसमध्ये मला मांडीवर घेते ती दिपा. माझ्या वासाबद्दल तिने अजून एकदाही तक्रार केलेली नाही.

तर मित्रांनो, जुनी पेटी जिन्याखाली टाकू नका, तिच्यात अजून कुणाचा तरी जीव जपायची ताकद असते. औषध कसं ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा, नुसती माया पुरत नाही. आणि कधी कुणी चट्टे उठलेला हात तुमच्यापुढे केला, तर बाहीला धरू नका. हात धरा.