पहिलं नाव नागपूरचं

गुंजनला डॉक्टरकीच्या परीक्षेत सातशे वीसपैकी पाचशे अडतीस मार्क पडले आणि त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईला भाजी अळणी लागू लागली. सून म्हणे, मीठ रोजच्याएवढंच टाकते. पण जिभेचीच चव गेली, तिथे मीठ बिचारं काय करील?

गुंजन कोणी परकी नव्हे. धाकट्या जावेची, रुख्माची नात. यादोराव आणि कवडू हे सख्खे भाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आणि धानाच्या बांध्यांमध्ये एक धुरा, मातीचा उंचवटा तेवढा. भिंतीच्या अलीकडे थोरली अन्नपूर्णा, पलीकडे धाकटी रुख्मा. चाळीस वर्षं दोघी अशा राहिल्या, की एकीच्या घरी कढईत तेल तापलं तर दुसरीच्या पोटात तडतडावं. अन्नपूर्णाबाईनं ओसरीला टाइल्स बसवल्या, तर रुख्मानं वर्षाच्या आत गोठ्यापर्यंत बसवून घेतल्या. म्हशी पाय घसरून पडू लागल्या, पण टाइल्स काही निघाल्या नाहीत. आणि तोंडानं मात्र रुख्मा कशी, तर लोणी. थोरलीनं दहा गोष्टी सुनवाव्या, तिनं पदर सावरून "हो बाई" म्हणावं, आणि करायचं तेच करावं. भांडणारी बाई परवडते, हो म्हणणारी परवडत नाही.

नातवंडं दोघींना लागोपाठच्या पावसाळ्यांत झाली. थोरलीच्या घरी गुड्डू. त्याचं कागदावरचं नाव हिमांशू, पण त्या नावानं हाक मारली तर तोसुद्धा मागं वळून पाहायचा नाही. वर्षानं धाकटीच्या घरी गुंजन. नामकरणाला बाया जमल्या होत्या, तेव्हा अन्नपूर्णाबाई पाळण्यात डोकावून म्हणाली होती, "बरं झालं, रुख्माले चूल फुकाले हात भेटला." बाया हसल्या. रुख्माही हसली. आता तोच हात लोकांच्या नाड्या पाहायला निघाला होता.

बरं, पोरीचे लाड तरी काही व्हावेत! ती सकाळच्या एसटीनं गोंदियाच्या क्लासला जाई आणि सांजच्या एसटीनं परत येई. तेवढ्यात पहिल्याच खेपेला पाचशे अडतीस. इकडे गुड्डू दोन वर्षं नागपूरला होस्टेलात. पहिल्या वर्षी गाडी स्टेशनातच राहिली. दुसऱ्या वर्षी चारशे सत्त्याण्णव. गावात कोणी विचारलं तर अन्नपूर्णाबाई म्हणे, "पाचशेच्या घरात आहेत." खोटं नव्हतं ते. घरात नव्हते, ओसरीत होते, एवढंच.

रुख्माच्या घरून पेढे आले. ताटलीवर विणलेला रुमाल, वर तुळशीचं पान. ताटली घेऊन खुद्द गुंजन आली, पाया पडली. अन्नपूर्णाबाईनं पेढा देवापुढं ठेवला. तिथून तो मुंग्यांनी नेला. देवाचं देवाला पोचलं.

तालुक्याच्या गावी, गोरेगावला, बाजार होता त्या दिवशी अन्नपूर्णाबाई गुड्डूच्या मागं मोटारसायकलवर बसून विक्कीच्या दुकानात गेली. विक्की गावचाच पोरगा. ऑनलाइनचं दुकान चालवी, साऱ्या तालुक्याच्या पोरांचे फॉर्म तोच भरी. बाई दुसरीपर्यंतच शिकलेली, पण आकडा तिला कळे. धानाच्या काट्यावर तिला फसवील असा व्यापारी अजून जन्माला यायचा होता. तिनं स्टूल ओढलं आणि म्हणाली, नीट समजावून सांग, घाई करू नको.

विक्कीनं समजावलं. सरकारी कॉलेजं एवढी, आणि सारी पोरं मार्कांप्रमाणे रांगेत उभी. ज्यानंत्यानं आपल्या पसंतीची कॉलेजं ओळीनं लिहायची. ज्याचे मार्क जास्त, त्याला आधी विचारायचं.

"लग्नाच्या पंगतीसारखं आहे आजी," तो म्हणाला. "गोंदियाची पंगत गेल्या वर्सीच्या हिशेबानं गुड्डूजवळच येऊन सरते. समोरचा एक उठला तं हा बसते. नाही उठला तं हात धुऊन वापस."

नागपूर तर गुड्डूच्या वाट्याला येतच नव्हतं. खाजगीचं नाव काढायची घरात सोय नव्हती. बाईनं विचारलं, समोरून उठणारं कोण आहे?

विक्कीनं कान खाजवला. "तुमच्याच घरची गुंजन. तिच्या मार्कावर नागपूर आरामात भेटते. पन रुख्मा आजीनं पयलं नाव गोंदियाचंच लिहाले लावलं. पोरगी तोंड पाडून बसली होती इथं. उद्या सांजवरी बदलता येते, मंग बंद."

परतीच्या वाटेवर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून दोनदा फिरून गेलं. ते दूर गेल्यावर गुड्डू समोर पाहतच म्हणाला, "आजी, यंदा नाही झालं तं मी तिसऱ्यांदा नाही बसत. वावर पाहीन." रागानं म्हणाला असता तर तिनं दोन शिव्या देऊन गप्प केलं असतं. तो शांतपणे म्हणाला. मागून त्याची मान दिसत होती. होस्टेलच्या जेवणानं ती बगळ्यासारखी झाली होती. दोन वर्षं पुस्तकात घातलेली मान.

म्हणजे गुड्डूची जागा रुख्माच्या नातीनं अडवली होती, आणि ती सुटायची तर रुख्माच्या नातीला अजून वर चढवायला हवं होतं. चाळीस वर्षं जिचं चांगलं दिसलं की डोळे चुरचुरले, तिचं अजून चांगलं व्हावं म्हणून आता खटपट करायची. देवालाही माणसाची थट्टा करायला वेळ मिळतो.

त्याच सांजेला ती भिंतीपलीकडे गेली. हातात वाटीभर वडे, कारण रिकाम्या हातानं गेली तर रुख्माला संशय येईल. वडे पाहून तिला दुप्पट संशय आला.

अन्नपूर्णाबाईनं सुरुवात म्हशीपासून केली, तिथून पावसावर आली, पावसावरून पोरीच्या हुशारीवर. नागपूरचं कॉलेज किती मोठं, तिथले डॉक्टर किती नावाजलेले, अशा पोरीला गोंदियात कोंबणं म्हणजे कसं पाप, हे सारं तिनं सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. भांडं सारखं पदराबाहेर येत होतं.

रुख्मानं सारं ऐकून घेतलं. म्हणाली, पोरीची जात, बाप कामासाठी रायपूरला, इतक्या दूर कोणाच्या भरवशावर पाठवू? गोंदियाला कसं, सुट्टी लागली की एसटीत बसली आणि घरी आली. दाराशी गुंजन उभी होती. ती बोटानं चौकटीचा रंग खरवडत राहिली.

मग रुख्मानं वाटी रिकामी करून परत दिली आणि हळूच म्हणाली, "बाई, माह्या नातीचं इतलं भलं तुमी आजवरी नाही चिंतलं. तुमचं काही अडलं असन तं सांगा ना सरळ."

एक शब्द होता. माहा गुड्डू मागं राहून राहिला, रुख्मा, थोडी सरक. एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आलाही. पण रुख्मासमोर पदर पसरायचा? मग उरलेला जन्म त्या "हो बाई"च्या दयेवर काढायचा?

"माहं कायले अडते," अन्नपूर्णाबाई म्हणाली, आणि रिकामी वाटी घेऊन घरी आली.

घरी गुड्डूनं ताट बाजूला सारलं होतं. यादोरावांनी विचारलं, कुठं गेली होती? ती विचार करत होती, आणि विचार करता करता तिला टाइल्स आठवल्या. आपण रुख्माला कधी टाइल्स बसव म्हणालो होतो का? नाही. आपण फक्त बसवल्या होत्या. गोडीनं सांगून रुख्मा आजवर हलली नाही. जळाली की मात्र पळत सुटते. हे अन्नपूर्णाबाईला कळायला शाळा नको होती. आपल्याच पोटातली आग, तिची वाट तिला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरचा रोवणा होता, धानाची लावणी. धुऱ्याच्या या बाजूला थोरलीच्या बाया, त्या बाजूला धाकटीच्या, साऱ्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या. रुख्मा पलीकडे पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाटत होती. अन्नपूर्णाबाई धुऱ्यावर उभी राहिली. रुख्माकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आपल्या बायांनाच सांगू लागली, पण आवाज असा, की शेजारच्या गावालाही कळावं.

"आटपा व लवकर. गुड्डूची तयारी कराची आहे. नागपूरले जाऊन राहिला तो."

एकीनं विचारलं, गोंदियाला का नाही जात, जवळ पडलं असतं.

"गोंदिया?" अन्नपूर्णाबाई हसली. "ज्यायले दूर पाठवाची हिंमत नाही, त्यायनं लिहावं गोंदिया. आमी पयलं नाव नागपूरचंच लिहिलं."

हे बोलताना तिचं तिलाच कळत होतं. ज्या दाराशी नातू हात जोडून उभा, त्याच दारावर आपण थुंकतो आहोत. पण आता मागं फिरणं नव्हतं.

पलीकडे पेंड्या वाटणारा हात थांबला. "पाचशेत नागपूर भेटते, बाई?" रुख्मानं विचारलं.

"भेटणाऱ्याले भेटते. तू नको घोर करू रुख्मा. गुंजन राहीन गोंदियाले. माहा गुड्डू सुट्टीत आला, का दोन गोष्टी शिकवीन तिले. नागपूरचं शिक्षण वेगळं रायते."

बाया चिखलात वाकल्या वाकल्या हसल्या. तशाच हसल्या, जशा पाळण्याजवळ हसल्या होत्या. रुख्माच्या हातातली पेंडी चिखलात पडली. ती उचलायला ती वाकली आणि सरळ व्हायला तिनं जरा जास्तच वेळ लावला.

"हो बाई," ती म्हणाली. पण आज त्या लोण्यात खडा होता.

दुपार कलली तशी रुख्मा बांधीतून दिसेनाशी झाली. अन्नपूर्णाबाई पाय दुखतात म्हणून घरी आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. यादोरावांनी चहा मागितला, तर तिनं हातानंच गप्प बसवलं. पलीकडून रुख्माचा चढलेला आवाज आला. मग दार वाजलं. मग गुंजनची स्कूटी सुरू झाली आणि गोरेगावच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठं बाई उठली, चहा टाकला आणि दोन चमचे साखर जास्त घातली.

जन्माष्टमीला घरोघरी कानोबा बसले त्या दिवशी यादी लागली. विक्कीचा फोन आला. गुड्डूनं तो कानाला लावला आणि तसाच मटकन ओसरीत बसला. गोंदिया. गोंदियाच्या यादीतलं शेवटचं नाव त्याचं. त्याच्या मागचा पोरगा हात धुऊन परत गेला होता. गुड्डूनं आजीच्या कमरेला मिठी मारली आणि लहानपणी रडायचा तसा रडला. सुनेनं त्या दिवशी चार घास जास्त वाढले, आणि अन्नपूर्णाबाईला वरणात मीठ अगदी बरोबर लागलं.

गुंजनला नागपूर मिळालं, हेही फोनवरच कळलं होतं.

सांजेला रुख्माच्या कानोबाच्या दर्शनाला जाणं भाग होतं. न जावं तर गाव म्हणेल तोंड लपवलं. मातीचा कानोबा पाटावर बसलेला, भोवती बाया बसलेल्या. अन्नपूर्णाबाई उंबरठ्याच्या आत येते न येते तोच साऱ्यांसमोर रुख्मानं लोणी काढलं. "या बाई. गुड्डू तं नागपूरले जानार होता ना?"

"होता," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "पन म्हणे, आजीले सोडून जीव लागत नाही. आजकाल असे पोट्टे कुठं भेटतात? पोट्ट्या तं मोकळ्या झाल्या का निघाल्या दूर."

जागच्या जागी सुचलं, हे बरं झालं. पण बायांच्या ओठांवरचं हसू तिनं पाहिलं, आणि तिला कळलं, की हे आता मरेपर्यंत पुरणार. आमची नागपूरला, तुमचा गोंदियाला. दर लग्नात, दर बारशात.

रुख्मानं गुंजनला हाक मारली, मोठ्या आजीला पेढा दे. गुंजन ताटली घेऊन आली, पायाशी वाकली, आणि वाकलेलीच राहून हळू आवाजात म्हणाली, "मोठी आजी, यादीत सगळ्यायचे मार्क दिसतात. गुड्डूचे मले पयल्याच दिवशी माईत होते."

अन्नपूर्णाबाईचा हात पेढ्यावरच राहिला. म्हणजे धुऱ्यावरच्या त्या साऱ्या थापा या पोरीला ऐकल्या ऐकल्याच कळल्या होत्या.

"मंग तुह्या आजीले सांगतलं काऊन नाही?"

गुंजननं मान वर केली. डोळे अगदी कोरडे, शांत. "मले नागपूरले जाचं होतं ना. पंधरा दिवस सांगून राहिली होती, कोनी आयकत नव्हतं. तुमी एका सकाळीत करून देलं."

यावर आशीर्वाद द्यायचा असतो. मोठी हो, सुखी राहा, काहीतरी. "नागपूरचं पानी जड रायते," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "उकळून पेजो."

"हो मोठी आजी," पोरगी म्हणाली. पण ते रुख्माचं "हो" नव्हतं. त्यात लोणी नव्हतं, डोकं होतं.

अन्नपूर्णाबाई घरी आली. पेढा या वेळी तिनं खाल्ला. ओसरीत गुड्डू बापाला फोन दाखवत बसला होता, भोळा, आनंदी, आजीनं काय केलं याचा त्याला पत्ता नाही आणि कधी लागायचाही नाही. देवासारखा पोरगा. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता पोटात पुन्हा तेच जुनं पेटलं, पाचशे अडतीसपेक्षाही मोठं. कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहून काम साधायचं, हे तिला स्वतःला शिकायला चाळीस वर्षं गेली. त्या पोरीला ते अठराव्या वर्षी येत होतं. तिची नजर, तिचा पोटातला कावा, सारंसारं आपल्या वळणाचं.

अशी पोरगी, आणि देवानं दिली कोणाला, तर रुख्माला.