नाशपातीच्या खुंटावर

“बघ गं सूनबाई, एक तरी कलम मेलंय का?” मामंजी वाफ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. “म्हणे म्हाताऱ्याचे डोळे गेले! म्हणोत बापडे.”

कलमं बांधण्यात सगळ्या रोपवाटिकेत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण नजर अधू झाली तशी मालकाची चुळबुळ सुरू झाली. म्हणून हिवाळ्यात ही अख्खी ओळ त्यांनी हट्टाने एकट्याने बांधली होती, नाशपातीच्या खुंटावर नाशपातीच्या काड्या. ओळ साधली तर काम राहणार होतं, नाहीतर घरी बसणं आलं.

तिथेच कामाला असलेली सून खाली वाकली. खुंटाला फुटलेली पानं गुळगुळीत, चकचकीत होती. वरच्या काडीची पानं मात्र पालथी केली की पांढुरकी लव. अगं बाई, हे तर सफरचंद! पुढचं रोपही तसंच, त्याच्या पुढचंही. काड्यांवर पानं नसताना मामंजींनी जुडी चुकीची उचलली होती. अशी परजातीची काडी वर्ष-दोन वर्षं तरारते, मग एखाद्या वाऱ्यात सांध्यापाशी कटकन मोडते.

झाकली मूठ, ती मनाशी म्हणाली.

“छान लागलीत, मामंजी.”

“एवढंच? एरवी तुझी टकळी थांबत नाही.” त्यांनी एक पान चिमटीत धरलं, खालून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या रोपाचं, तिसऱ्याचं.

“लव आहे गं,” ते म्हणाले.

“कोणाला कळायचं नाही, मामंजी. तोवर रोपं विकली जातील.”

“आणि नेणारा दोन वर्षं पाणी घालत बसेल बिचारा.”

त्यांनी चाकू काढला. ती पुढे झाली तर म्हणाले, “राहू दे. बांधलंय मी.” सगळी ओळ त्यांनी सांध्याखाली छाटली. तिला ते बघवेना.

संध्याकाळी मालक आला. “हे काय?”

“सफरचंद बांधलं गेलं. दिसलं नाही मला,” मामंजींनी सरळ सांगितलं. “आता कलमं ही सून बांधेल. हात चांगलाय, तोंडच जरा जास्त चालतं.”

“आणि तुम्ही?”

“ठेवणार असाल तर तण काढीन.”

मालकाने मान डोलावली. ते मामंजींना दिसलं की नाही, कोण जाणे. “हो म्हणाले,” सून पटकन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मामंजी कोवळ्या रोपांत उकिडवे बसले होते. प्रत्येक पातं उपटण्याआधी दोन बोटांत धरून चाचपत होते. एका रोपाच्या पानापाशी हात थांबला. ते त्यांनी हळूच सोडून दिलं आणि शेजारचं गवत उपटलं.